गाऊनची हद्द

सोमवारी सकाळी सव्वासातला मला शाळेच्या फाटकावर उभं केलं, तेव्हा नव्या फ्लेक्सचा वास अजून गेला नव्हता. 'पालकांनी सभ्य पोशाखातच शालेय आवारात प्रवेश करावा. आदेशावरून.' खाली संस्थेचं बोधचिन्ह आणि कोपऱ्यात, कुणी सांगितलेलं नसताना, फ्लेक्सवाल्यानं हात जोडलेल्या एका बाईचं चित्र टाकलेलं. ती बाई नऊवारीत होती. आमच्या शाळेत नऊवारी नेसून येणाऱ्या पालक आता दोन-तीनच उरल्यात, त्याही आज्या.

ही गोष्ट जून २०२४ ची. त्या आधी १५ मार्चला शिक्षण खात्याचा शासन निर्णय आला होता, शिक्षकांच्या कपड्यांचा. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट-पँट आणि शर्ट इन केलेला, जीन्स-टीशर्ट नको, चित्रविचित्र नक्षी नको. बाईंना फारसा फरक पडला नाही, आम्ही तेच घालत होतो. सरांची मात्र पंचाईत झाली. आमच्या गणिताच्या सरांचं पोट त्या निर्णयामुळे पहिल्यांदा उजेडात आलं. मग सुट्ट्या संपल्यावर संस्थेच्या सचिवांच्या डोक्यात आलं, शिक्षकांना नियम, मग पालकांना का नको?

मीटिंगमध्ये 'सभ्य' म्हणजे काय यावर अर्धा तास गेला. शेवटी तोंडी यादी ठरली: गाऊन, लुंगी, बनियन. पीटीचे सर म्हणाले, "बर्मुडा पण घ्या." घेतला. लिहून कुणीच ठेवलं नाही. मी विरोध केला नाही हेही सांगून टाकते. तोंडात गुटख्याचा तोबरा आणि अंगात नुसतं बनियन, अशा अवतारात एक बाप पाचवीच्या वर्गाच्या दारात येऊन पोराला हाका मारत होता, ते मी पाहिलेलं होतं. मला वाटलं, बरंच होईल.

आमची शाळा छत्रपती संभाजीनगरात, सिडकोच्या एका कडेला. त्यामुळे पोरं चारी दिशांनी येतात. एन-वनच्या बंगल्यांतून, मुकुंदवाडीतून, पुंडलिकनगर-गारखेड्यातून, काही रोशन गेट, बायजीपुऱ्याकडून, दोन-चार गुलमंडीचीसुद्धा. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात आणि निवडणुकीच्या कामात मी यातल्या बऱ्याच गल्ल्या पायी फिरले आहे. सकाळी अकरा वाजता दार वाजवलं की माणूस घरात जसा असतो तसाच समोर येतो. त्यामुळे पालक कुठला, हे मला फाटकावरच, तोंड उघडायच्या आधी कळतं. चिकलठाणा एमआयडीसीतले बाप कंपनीच्या शर्टात येतात, खिशाला ओळखपत्र, पायात सेफ्टी शूज. रात्रपाळी करून आलेला असेल तर डोळे लाल आणि हातात पोराचा विसरलेला डबा. सावंगीकडचे प्लॉटिंगवाले पांढऱ्याशुभ्र लिननमध्ये, बूटही पांढरे. त्यांच्यातला नगरसेवक कोण आणि व्हायचा राहिलेला कोण, हे मात्र मला आजवर ओळखता आलेलं नाही.

पण खरी गंमत गाऊनची आहे. गाऊनला प्रत्येक वस्तीत एक हद्द असते आणि ती कुठंही लिहिलेली नसली तरी तिथल्या प्रत्येक बाईला पाठ असते. गुलमंडीत ती गॅलरीपाशी संपते. वर कठड्याला टेकून गाऊनमध्ये उभी असलेली बाई खाली दुकानात आली की साडीत असते, पदराला पिन लावलेली. पुंडलिकनगरात गाऊन किराण्यापर्यंत चालतो, गिरणीपर्यंत चालतो, दूध आणायला चालतो, पण गजानन महाराज मंदिराच्या चौकात चालत नाही. तिथं ड्रेस लागतो. मुकुंदवाडीत खांद्यावरून ओढणी घेतली की गाऊनचाच ड्रेस होतो आणि त्यावर संध्याकाळचा भाजीबाजारही होऊन जातो. एन-वनमध्ये गाऊन दिसतच नाही. तिथल्या बायका घरात आळशीपणानं राहत नाहीत असं नाही, पण त्यांच्याकडे त्याला नाइट सूट म्हणतात आणि तो घालून कुत्रं फिरवायला रस्त्यावर जाता येतं.

रोशन गेटच्या एका आईला मी एकदा म्हणाले होते, "तुम्ही किती पटकन तयार होऊन येता हो!" ती हसून माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, बुरखे के अंदर गाऊनही है. किसको पता?" आम्हा स्कूटीवाल्यांचं तरी काय वेगळं आहे? पांढरा सनकोट, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. आत काय घातलंय ते देवाला ठाऊक. उन्हाच्या नावाखाली अर्धं शहर झाकून फिरतं.

माझी आई भोकरदनकडच्या खेड्यात राहते. नऊवारीची सहावारी झाली, त्यापुढं ती गेली नाही. पण माझ्याकडे आली की गाऊन घालते, आवडीनं घालते, "मोकळं वाटतं बाई" म्हणते. परत जायच्या दिवशी तो धुऊन, वाळवून, घडी घालून माझ्याच कपाटात ठेवते. गावाकडं नेत नाही. तिच्या गाऊनची हद्द म्हणजे माझ्या फ्लॅटचा उंबरठा.

तर त्या सोमवारी सकाळची गर्दी सुरळीत गेली. फ्लेक्सची बातमी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली होती, त्यामुळे नेहमी गाऊनवर स्कूटी घेऊन येणाऱ्या तिघी-चौघींनी पोरांना कोपऱ्यावरच उतरवलं आणि तिथूनच गाडी वळवली. एक आजोबा धोतर-टोपीत आले, त्यांना शिपाईमामांनी उलट रामराम घातला. मी वर्गावर गेले. दहाच्या सुमाराला तास मोकळा होता म्हणून पुन्हा फाटकावर आले.

एक मोठी पांढरी गाडी थांबली. कॉलरचा टीशर्ट, गुडघ्याच्या वर बर्मुडा, घामानं चमकणारं कपाळ, बोटात किल्ली फिरवत साहेब उतरले. "गुड मॉर्निंग मॅम. अकाउंट्स कुठे?"

"सरळ जाऊन उजवीकडे, सर," मी म्हणाले. हातही केला. फ्लेक्स माझ्या खांद्यामागं होता.

पाच मिनिटं झाली नसतील, एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याला थांबायला सांगून एक बाई जवळजवळ पळतच आली. मरून रंगाचा, बारीक फुलांचा गाऊन, खाली वीतभर ओला होऊन पोटऱ्यांना चिकटलेला. खांद्यावर टॉवेल. हाताची बोटं पाण्यानं सुरकुतलेली.

"ताई, एक मिनिट," म्हणून मी फ्लेक्सकडे बोट केलं. तिनं तो सगळा वाचला, 'आदेशावरून'पर्यंत.

"म्हणजे?"

"गाऊनवर आत सोडत नाहीत."

'सोडत नाहीत' म्हणाले मी. 'सोडत नाही' असं नाही. जणू सोडणारे कुणी दुसरेच होते आणि मी तिथं नुसती निरोप सांगायला उभी होते.

"ओ मॅडम, तुमच्याच शाळेतून फोन आला. पोरीला उलट्या होऊ लागल्या, लगेच या म्हणले." तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. "आज पाणी आलंय आमच्यात, सातव्या दिवशी. मोटर चालू ठेवून, शेजारणीच्या हातात नळी देऊन आले बघा."

या शहरात राहणाऱ्याला यापुढं काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. पैठणला जायकवाडी आहे, पन्नासेक किलोमीटरवर, नाथसागर म्हणतात इतकं मोठं. ते काठोकाठ भरलं तरी तेव्हा आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, कारण आणणाऱ्या पाइपांनाच तेवढं पेलत नव्हतं. पाण्याच्या दिवशी बाई सण असल्यासारखी पहाटे उठते. टाकी, ड्रम, हंडे, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा. त्या दिवशी अंगावर काय आहे ते कुणी बघत नाही आणि साडी नेसून ड्रम भरणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. एन-वनमध्ये त्या दिवशी टँकरला फोन जातो.

"घरी जाऊन बदलून येऊ का?" तिनं विचारलं. "रिक्षाचे जायचे-यायचे शंभर होतील."

हे तिनं टोमणा म्हणून विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खरोखरच विचारत होती. मी हो म्हणाले असते तर ती गेलीही असती.

मागून शिपाईमामा हळूच म्हणाले, "म्याडम, ते चड्डीवाले साहेब बी आत गेलेत ना मघाशी."

खरं सांगते, त्यांनी म्हणेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बर्मुडा यादीत होता. पीटीच्या सरांनी माझ्यासमोर तो यादीत घ्यायला लावला होता. तरी माझ्या डोळ्यांना तो 'कपडे' म्हणून दिसला आणि हिचा गाऊन 'घरातला' म्हणून दिसला. दोघंही घरातल्याच अवतारात घरातून निघाली होती. एकाचं घर कुठल्या वस्तीत आहे ते गाडीवरून कळत होतं, दुसरीचं ओल्या काठावरून.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, जा ताई आत. ऑफिसची खिडकी फाटकाच्या बरोबर समोर आहे आणि त्या खिडकीत सचिव बसलेले होते. माझं धाडस झालं नाही. मी स्कूटीची डिकी उघडली आणि माझा सनकोट काढून तिच्या हातात दिला. "हा घाला वरून."

"ओला होईल की तुमचा."

"होऊ द्या."

तिनं बटणं लावली. बाह्या लांब पडल्या, खालून हातभर गाऊन दिसतच होता. तेवढं चाललं. सभ्य झाली ती.

पोरगी सहावीतली, स्टाफरूमच्या बाकावर आडवी पडलेली. आईनं उचलून खांद्याशी घेतलं तशी पुन्हा ओकली, थेट सनकोटावर. ती बिचारी पोरीला सावरायची सोडून कोटच पुसायला लागली, टॉवेलनं. दोघींना घेऊन मी व्हरांड्यातून निघाले तर समोरून तेच साहेब पावती खिशात घालत येत होते. त्यांनी जाळीचं दार धरून ठेवलं. "कुठे जायचंय? मी सोडतो ना." चांगुलपणानंच म्हणाले. ती म्हणाली, रिक्षा थांबलीये. माणूस वाईट नव्हता आणि त्यामुळे मला रागवायलाही कुणी उरलं नाही.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांना मी बर्मुड्याचं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, ते जिमवरून परस्पर आले असतील. फी भरायची शेवटची तारीख होती." ती नळावरून परस्पर आली होती, हे उत्तर मला दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सुचलं. तिथं ते सगळ्यांना आवडलं.

फाटकावरची ड्यूटी बुधवारनंतर आपोआप बंद झाली. पुस्तकवाटपाचं काम निघालं, माणसं कमी पडली. फ्लेक्स तसाच राहिला.

गुरुवारी शाळा सुटायच्या वेळी शिपाईमामा सांगत आले, "कुणी बाई बोलवायलीत तुम्हाला." जाऊन पाहिलं तर तीच. मी आधी ओळखलंच नाही. जांभळी, जरीच्या काठाची साडी, केसांत गजरा, कपाळाला मोठी टिकली, तोंडाला पावडर. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत माझा सनकोट, धुतलेला, इस्त्री केलेला. एक सैल झालेलं बटण पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट केलेलं.

"पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. उद्यापासून येईल."

"लग्नाला निघालात का कुठं?"

"नाही, इकडंच आले. तुमचा कोट द्यायला."

मी म्हणाले, आत या, चहा घ्या, स्टाफरूममध्ये बसू. तिनं एकदा फ्लेक्सकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. "नको मॅडम, इथूनच जाते." आणि ती वळली. साडीची घडी त्याच दिवशी मोडलेली होती. पाठीवरून खालपर्यंत इस्त्रीच्या चौकोनी रेघा तशाच उठून दिसत होत्या.