पायलट ट्रेनिंग: १४ महिन्यांचं सांगून साडेतीन वर्षं लागली, माझा अनुभव

मला मेसेज येतात की ताई कुठला रूट घेऊ, भारतात करू, बाहेर जाऊ का एअरलाइनचा कॅडेट प्रोग्रॅम (एअरलाइन स्वतःच आपले पायलट तयार करते तो) धरू. प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितेय.

मी कऱ्हाडची. घरात पायलट सोडा, विमानात बसलेलंही कोणी नव्हतं. कॅडेट प्रोग्रॅमचा खर्च कोटीच्या घरात, त्यामुळे ते आमच्यासाठी तिथंच संपलं. साऊथ आफ्रिका, न्यूझीलंडला उड्डाणाचे तास पटापट होतात हे खरं आहे, पण परत आल्यावर लायसन्स कन्व्हर्ट करायला डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, पेपर द्यावेच लागतात. फुरसतगंजच्या सरकारी अकादमीची एन्ट्रन्स दिली, झाली नाही. मग उरली भारतातली प्रायव्हेट फ्लाइंग स्कूल्स. आपल्याकडेच बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे असे पर्याय आहेत. मी कुठं केलं ते नाव घेत नाही.

मेडिकल, कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षांना बसायला लागतो तो), नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर हे सगळं माझं वेळेत झालं. फक्त एक लक्षात ठेवा, क्लास टू (सुरुवातीची) आणि क्लास वन (कमर्शियल लायसन्ससाठीची) दोन्ही मेडिकल हातात येईपर्यंत कुठल्याही स्कूलला एक रुपया देऊ नका. माझ्या बॅचचा एक मुलगा आधी फी भरून बसला आणि मग मेडिकलमध्ये अडकला.

आता मूळ मुद्दा. ऑक्टोबर २०२१ ला जॉइन झाले तेव्हा ऑफिसात सांगितलं, १४ महिन्यांत लायसन्ससाठी लागणारे २०० तास पूर्ण. माहितीपत्रकात सहा विमानांचे फोटो. पप्पांनी विचारलं, नक्की ना? हो म्हणाले. प्रत्यक्षात रोज उडत होती दोन. एकाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलेलं, एक पार्टसाठी उभं, बाकीची कधी येणार ते कोणीच सांगत नव्हतं. रात्री आठला रोस्टर लागायचं, नाव असलं तर पहाटे चारला उठून तयार, आणि सकाळी धुक्यामुळे पाच किलोमीटर व्हिजिबिलिटी मिळाली नाही की सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, कॅन्सल, परत नंबर कधी ते देवाला माहीत. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका, ढग खाली आले की सगळे आपले हँगरसमोर बसून. हँगरमधले मेकॅनिक काका एकदा म्हणाले, "पोरी, अॅडमिशन घ्यायच्या आधी हितं येऊन बघायचं हुतंस." ते वाक्य मला आजही टोचतं, कारण कोणी तरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

म्हणून हा हिशेब स्वतः करा. दोन विमानं, रोज सात-सात तास, म्हणजे १४ तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३५० तास. आम्ही होतो ५५ जण. माणशी महिन्याला सव्वासहा-साडेसहा तास आले. २०० तासांना किती महिने लागतात ते तुम्हीच भागून बघा. मला १८५ तास व्हायला २९ महिने लागले, मार्च २०२४ उजाडला.

उरलेले १५ तास ट्विनवर, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानावर, करायचे होते आणि स्कूलचं एकमेव ट्विन त्याच महिन्यात बंद पडलं. रोज ऑफिसात जायचं, रोज एकच उत्तर, "पुढच्या आठवड्यात येईल." असे सात महिने गेले! आणि नुसतं थांबणं परवडलं असतं हो, पण सीपीएलच्या, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सच्या, अर्जाआधीच्या सहा महिन्यांत पायलट इन कमांडचे (विमान आपल्याच जबाबदारीवर उडवलेले) किमान १५ तास लागतात, आणि नाइटचे दहा टेकऑफ-लँडिंगही त्याच सहा महिन्यांतले लागतात. म्हणजे मी बसून राहिले आणि माझे केलेले तास जुने झाले. ते परत उडायला लागले, तासाला चौदा हजार, आमच्या खिशातून. मधेच क्लास वन मेडिकलचं वर्ष संपलं, ते परत. लोनचं व्याज चालूच. पप्पा फोनवर काही बोलायचे नाहीत, फक्त जेवलीस का विचारायचे, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

ट्विन ऑक्टोबरात आलं. डिसेंबरात स्किल टेस्ट झाली आणि मार्च २०२५ मध्ये लायसन्स आलं, आता ते मोबाईलवरच दिसतं. त्या दिवशी मी पहिला फोन पप्पांना केला आणि दोघांनाही बोलता आलं नाही. मला त्या लायसन्सचा फार अभिमान आहे, कारण मी मधे सोडलं नाही. माझ्याबरोबरच्या तिघांनी सोडलं.

तर अॅडमिशनआधी दोन दिवस त्या गावात जाऊन राहा. सकाळी सहाला रनवेजवळ उभं राहून किती विमानं खरोखर उडतात ते मोजा. ऑफिसात नाही, हॉस्टेलवर जाऊन सीनियरची लॉगबुकं बघा, पहिल्या आणि शेवटच्या तारखेत किती अंतर आहे ते बघा. ट्विन किती आहेत ते आवर्जून विचारा, एकच असेल तर नीट विचार करा. फी एकदम भरू नका, जेवढे तास उडाल तेवढीच भरायची असं लेखी घ्या, आम्ही दोन हप्त्यांत सगळी भरली आणि मग आमचं कोण ऐकणार. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूल्सचं रँकिंग जाहीर करतं, ते आमच्या वेळी नव्हतं, तुम्ही ते आधी उघडून बघा.

आणि हो, सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सवाल्यांनी निराश होऊ नका, एनआयओएस या सरकारी ओपन स्कूलमधून फिजिक्स आणि मॅथ्स देऊन आलेली दोन मुलं माझ्याच बॅचला होती आणि त्यातल्या एकीचं लायसन्स माझ्याआधी आलं.