काळा किती काळा: प्रोजेक्टर घेण्याआधी हॉलमध्येच मोजून बघा

प्रोजेक्टरच्या खोक्यावर कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, १०,००,००० : १ छापलेला असेल, तर त्या आकड्याकडे ढुंकूनही बघू नका. पूर्ण काळं दृश्य आलं की मशीनला प्रकाश देणारा लेझर अगदी मंद करायचा किंवा सरळ बंद करायचा आणि मग त्या जवळपास शून्याने पांढऱ्याला भागायचं, असा तो हिशोब असतो. याचं नाव डायनॅमिक कॉन्ट्रास्ट. पण एकाच फ्रेममध्ये रात्रीचा कसारा घाट आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे असले, की ही हातचलाखी संपते. दिवे उजळ ठेवायचे तर लेझर मंद करता येत नाही.

तिथे कामाला येतो तो नेटिव्ह कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रकाशाचा उगम जराही कमी-जास्त न करता पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा यांचं गुणोत्तर. बारीक हलत्या आरशांच्या एकाच चिपवर चालणाऱ्या घरगुती सिंगल-चिप डीएलपी मशीनमध्ये तो साधारण ५०० ते २,००० मिळतो. एलकॉस, म्हणजे सिलिकॉनवरच्या लिक्विड क्रिस्टलच्या पॅनलवाल्या मशीनमध्ये तो हजारोंच्या घरात जातो. या पॅनलला जेव्हीसी डी-आयएलए म्हणते आणि सोनी एसएक्सआरडी. जेव्हीसी आपल्या एनझेड ७ या प्रोजेक्टरसाठी ४०,००० : १ सांगते.

आता आपला हॉल. नाशिकचा गंगापूर रोड असो की इंदिरानगर, चित्र तेच: दहा बाय पंधरा फुटांचा हॉल, क्रीम भिंती, पांढरं पीओपी, गॅलरीला सरकतं काचेचं दार. अशा हॉलमध्ये भारी मशीन लावणं म्हणजे पैसे पाण्यात, असं बरेच जण सांगतात. हे अर्धंच खरं आहे आणि मशीन निवडताना त्या उरलेल्या अर्ध्यावरच सगळं ठरतं.

१०० इंची पडदा म्हणजे २.२१ बाय १.२५ मीटर, क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर. सिनेमा मोडमध्ये मशीनचा एकूण उजेड खरे १,००० ल्यूमेन मिळाला, तर पडद्यावर ३६२ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ३६२ ल्यूमेन पडतात. नेटिव्ह १,००० : १ असलेल्या मशीनचा काळा झाला ०.३६ लक्स आणि ४०,००० : १ वाल्याचा ०.००९. आता स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवा. त्याचे फक्त २ लक्स पडद्यावर आले, तरी पहिल्याचा कॉन्ट्रास्ट १५४ वर येतो आणि दुसऱ्याचा १८१ वर. किंमत कित्येक पट आणि फरक एवढाच!

दिवे बंद केले तरी पांढरी भिंत आपलं काम करतेच. लग्नाचा मांडव, बर्फाचा डोंगर असं उजळ दृश्य असेल, तर पडद्यावरचा प्रकाश सिलिंगवर आपटून पडद्याच्याच काळ्या भागावर परत पडतो. पांढऱ्या-काळ्या १६ चौकटींचा पॅटर्न लावून पडद्यापाशी मोजलं, तर अशा हॉलमध्ये दोन्ही मशीन १०० च्या खाली सहज येतात. घाटाच्या दृश्यात मात्र पडद्याचा जेमतेम एक टक्का उजळ असतो. परतायला प्रकाशच नसतो, म्हणून मशीनचा स्वतःचा काळा उघडा पडतो. थोडक्यात, उजळ दृश्य खोलीचं आणि अंधारं दृश्य मशीनचं. रात्रीच, दिवे घालवून बघणाऱ्याला पांढऱ्या हॉलमध्येही नेटिव्ह कॉन्ट्रास्टचे पैसे वसूल होतात. संध्याकाळी दिवे लावून क्रिकेट बघणाऱ्याला होत नाहीत.

खोलीवरचा इलाज स्वस्त आहे. पडद्यालगतच्या पहिल्या मीटर-सव्वा मीटर सिलिंगवर काळी मखमल लावा. दहा फुटी हॉलला ४४ इंच पन्ह्याची सव्वातीन मीटर पुरते. कापडपेठेत मागताना साटीन घेऊ नका, ते चमकतं आणि प्रकाश परत फेकतं. वेल्क्रोवर लावलं की पाहुणे येण्याआधी काढता येतं. बाजूच्या भिंतींना गडद, बिनचमकीचे पडदे चालतात.

मोजमापाला साधा लक्स मीटर पुरे, पण पडद्यापाशी काळा मोजायला जाल तर तो ०.० किंवा ०.४ असलं काहीतरी दाखवेल आणि त्यावरून काढलेला कॉन्ट्रास्ट निव्वळ थाप ठरेल. त्यासाठी मीटर लेन्सजवळ न्या. पडदा ३.३ मीटरवर असेल, तर ६६ सेंटिमीटरवर प्रकाश साधारण २५ पट होतो: पांढरा ९,००० च्या आसपास, काळा ९. हा आकडा स्वस्त मीटरही नीट वाचतो, शिवाय भिंतींचा परतीचा प्रकाश हिशोबातून जवळपास बाहेर जातो. मीटर स्टँडवर बसवा, हातात धरू नका. दोन सेंटिमीटर हलला तरी आकडा बदलतो. सेन्सरचं तोंड लेन्सकडे असू द्या, तुमचं मात्र नको. लेझर मशीनच्या लेन्समध्ये डोकावू नये.

मोजण्याआधी ऑटो आयरिस आणि लाइट डिमिंग, म्हणजे दृश्य बघून उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंगं, बंद करा. मेनूत बंद करूनही काही मशीन पूर्ण काळ्या फ्रेमला लेझर मंद करतात. म्हणून काळ्या पॅटर्नच्या एका कोपऱ्यात छोटा पांढरा चौकोन ठेवा आणि मीटर त्याच्या वाटेत येऊ देऊ नका. दोन मशीनची तुलना असेल तर मोड सारखा ठेवा आणि झूमही नोंदवून ठेवा. मशीन लांब ठेवून झूम करून तेवढंच चित्र काढलं, तर उजेड थोडा घटतो आणि कॉन्ट्रास्ट बहुधा वाढतो, त्यामुळे जागा बदलून घेतलेले आकडे एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत.

काळा राखाडी दिसतोय म्हणून मशीनला दोष देण्याआधी एचडीएमआय रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठले आकडे वापरायचे ते सेटिंग, तपासा. सेट-टॉप बॉक्स १६ ते २३५ पाठवतोय आणि प्रोजेक्टर ० ते २५५ धरून बसलाय, असं झालं तर काळा म्हणून १६ चाच उजेड पडतो. गॅमा (आकड्यावरून उजेड ठरवणारा घातांक) २.२ धरला तर कॉन्ट्रास्ट ३७० च्या आसपास अडकतो, मशीन कितीही भारी असो. उलटं झालं, म्हणजे लॅपटॉप पूर्ण रेंज पाठवतोय आणि प्रोजेक्टर मर्यादित समजतोय, तर काळ्या कोटाच्या घड्या दिसेनाशा होतात.

रंगासाठीही तोच मीटर. एकाच जागेवरून पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा असे चार पॅटर्न लावून मोजा आणि प्रत्येकातून काळा वजा करा. पांढरा ३०० असेल, तर रेक. ७०९ या एचडी चित्राच्या रंगमानकाप्रमाणे लाल ६४, हिरवा २१५, निळा २२ च्या जवळ यायला हवेत. तिघांची बेरीज पांढऱ्याइतकी आली पाहिजे. थ्री-एलसीडी (तीन रंगांना तीन वेगळी पॅनल) आणि एलकॉसमध्ये ती येते. डीएलपीच्या कलर व्हीलला, म्हणजे एकामागून एक रंग देणाऱ्या फिरत्या चकतीला, पारदर्शक पट्टी असेल आणि ब्राइट मोड लावलेला असेल, तर बेरीज पांढऱ्याच्या निम्म्यावरही येऊ शकते. असं मशीन पांढऱ्यात झगमगतं, पण झेंडूच्या तोरणाचा पिवळा मोहरीच्या चटणीसारखा मळकट दाखवतं. ब्रिलियंट कलर किंवा उजेड चढवणारं तत्सम सेटिंग कमी केलं की रंग परत येतो, उजेड जातो. एक सावधगिरी: तीन रंगांच्या लेझर मशीनवर स्वस्त मीटर लाल-निळा चुकीचा वाचतो, तिथे ही बेरीज धरून चालू नका.

बिनयंत्राची परीक्षाही घ्याच. लासलगावच्या लाल कांद्याचा, उन्हातल्या हिरव्या द्राक्षांचा आणि येवल्याच्या पैठणीच्या काठाचा असे तीन फोटो घ्या. निळा लेझर आणि त्याच्या प्रकाशाने पिवळं चमकणारं फॉस्फर वापरणाऱ्या मशीनमध्ये लाल कमजोर असतो, तिथे कांदा विटकरी दिसतो. डायनॅमिक नावाच्या पिक्चर मोडमध्ये द्राक्षं प्लास्टिकची वाटतात, कारण हिरवा मुद्दाम चढवलेला असतो. पैठणीच्या गडद काठात जरीचे धागे सुटे न दिसता एकच ठिपका दिसला, तर रंग कापला जातोय. कलर सेटिंग खाली आणा. हे सगळं एसडीआर, म्हणजे साध्या उजेड-पल्ल्याच्या चित्रात करा. मोठ्या उजेड-पल्ल्याच्या एचडीआरमध्ये तो पल्ला मशीनच्या आवाक्यात बसवण्याची, म्हणजे टोन मॅपिंगची, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, मग तुलना पॅनलची न होता सॉफ्टवेअरची होते.

आणि मार्च ते मे नाशिकची धूळ. लेन्सवर तिचा पातळ थर बसला, की उजळ भागाचा प्रकाश शेजारच्या काळ्यात पसरतो आणि १६ चौकटींचा आकडा घसरतो. आधी ब्लोअर, मग मायक्रोफायबर. कोरड्या कापडाने थेट घासलं तर कोटिंगवर ओरखडे उठतात. फिल्टर असलेल्या मशीनचा फिल्टर या दिवसांत महिन्यातून एकदा साफ करा.