गोठलेल्या तळ्याकाठी, शेगडीच्या तंबूत

गोठलेलं तळं ओलांडायचं, पलीकडच्या सूचीपर्णी जंगलात कॅनव्हासचा तंबू ठोकायचा, आत लाकडाची शेगडी पेटवायची आणि भर हिवाळ्यात तिथंच मुक्काम करायचा, असा आम्हा तिघांचा बेत होता. तो छान पार पडला. रात्री पारा उणे २५ च्या आसपास जायचा. तुमच्यापैकी कुणी निघणार असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो. शेगडी आहे म्हणून पातळ स्लीपिंग बॅगवर भागेल, असं समजून निघू नका. शेगडी रात्रभर जळत नाही. तिचा खरा उपयोग कपडे वाळवायला आणि हिम वितळवून पाणी करायला. थंडीतला मुक्काम लांबवायचा तर या दोनच गोष्टी लागतात.

तंबू, शेगडी आणि धुराड्याचे पाइप हे ओझं पाठीवर नेण्यासारखं नाही. आम्ही पायात स्नोशू, म्हणजे हिमात पाय रुतू नयेत म्हणून घालायचे रुंद पसरट जोडे, घालून स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्या, ओढल्या. सामान लावताना जे आधी लागणार ते वर ठेवा: फावडं, करवत, तंबू, शेगडी. काळोख पडायला लागल्यावर तळाशी गेलेली करवत शोधत बसणं फार जिवावर येतं.

तळ्याच्या बर्फाबद्दल घाई नको. माणसाला चालत जायला किमान १० सेंटिमीटर जाडीचा, स्वच्छ, कठीण बर्फ हवा असं मानतात. पांढरट, भुसभुशीत बर्फाची ताकद साधारण निम्मीच धरायची. ताज्या हिमाचा जाड थर दिसला की लोकांना हायसं वाटतं, पण तेच हिम गोधडीचं काम करतं आणि त्याच्याखाली बर्फ नीट धरत नाही. ओढा जिथं तळ्याला मिळतो किंवा तळ्यातून निघतो तिथून लांबून जा. आम्ही काठापासून थोड्या थोड्या अंतरावर भोक पाडून जाडी मोजत गेलो. त्यात वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला. बर्फ फुटून पाण्यात पडलोच तर काठाच्या बर्फात रोवून वर यायचे टोकदार दांडे तिघांच्याही गळ्यात होते.

तंबूसाठी अगदी काठावरची सपाट जागा मोह पाडते, पण गार हवा जड असते आणि ती तिथंच साचते. थोडं वर चढून, वाऱ्याच्या आडोशाला जागा धरा आणि मान वर करून बघा: वठलेलं झाड किंवा अडकलेली फांदी डोक्यावर नको. जागा ठरली की स्नोशूनी हिम तुडवायचं आणि तासभर तसंच सोडून द्यायचं. तुडवलेले कण एकमेकांना धरतात आणि जमीन कडक होते. मेखा मात्र हिमात टिकत नाहीत. मनगटाएवढ्या जाड काटक्या आडव्या पुरायच्या, वरून हिम दाबायचं आणि दोरी काटकीभोवती नुसती फिरवून दोन्ही टोकं वर आणायची. निघताना काटकी गोठून बसलेली असते, पण दोरी एका टोकाला ओढून सोडवून घेता येते.

त्या तासाभरात सरपण. मृत वाळलेलं, पण उभं असलेलं झाड हवं. आडवं पडलेलं झाड हिमाखाली ओलावा पिऊन बसलेलं असतं. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून बघा. वाळलं असेल तर टणक, खणखणीत आवाज येतो. ओलं किंवा सडकं असेल तर बद्द वाजतं. कापलेली ओंडकी फोडून घ्याच, कारण फोडलेलं लाकूड लवकर पेटतं. आधी बोटाएवढ्या ढलप्या, मग मनगटाएवढे तुकडे असे वेगळे ढीग लावा. बर्चची साल मिळाली तर सोन्याहून पिवळं, तेलकट असल्यानं ती ओली असली तरी पेट घेते. संध्याकाळला पुरेल असं वाटेल त्याच्या दुप्पट फोडून ठेवा. काही जंगलांत मृत लाकूड तोडायलाही मनाई असते, ते निघण्याआधीच विचारून घ्या.

शेगडीच्या पायांखाली ओल्या लाकडाचे जाड ओंडके आडवे टाका. नाहीतर खालचं हिम वितळतं, शेगडी कलते आणि धुराड्याचे सांधे सुटतात. धुराडं तंबूच्या शेंड्याच्या वर जायला हवं, आणि ठिणग्या अडवणारी जाळी रोज ठोकून साफ करा, कारण काजळीनं ती बुजली की धूर उलटा आत येतो. शेगडी नवी असेल तर पहिला जाळ उघड्यावरच करा. रंग आणि तेल जळून जातं. पाइपला जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा धूर छातीत जाता कामा नये. उबदार तंबूची कल्पना तशी जुनी. अमेरिकी सैन्यातले हेन्री सिब्ली यांनी मधोमध विस्तव ठेवता येईल अशा शंकूच्या आकाराच्या तंबूचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं होतं.

आता कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून जास्त पट घट्ट चिकटतो. जाळ ढणाढणा पेटलेला असताना धोका कमी असतो. निखारे धुमसत असतात, पाइप गार पडून ओढ मंदावलेली असते आणि ऊब टिकावी म्हणून कुणीतरी शेगडीची हवेची झडप लावून घेतलेली असते, ती वेळ वाईट. तंबूला खाली एक आणि वर एक अशी दोन्ही भोकं उघडी हवीतच. एका संध्याकाळी हिम पडत होतं आणि आमचं खालचं भोक बाहेरून बुजत चाललं होतं. झोपण्याआधी एकानं फावडं घेऊन तंबूला फेरी मारली आणि ते मोकळं केलं. ही फेरी रोजची ठेवा. गॅस ओळखणारा अलार्म न्याच, पण तो किती थंडीपर्यंत चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. बरेचसे घरातल्या तापमानासाठी बनवलेले असतात, त्यामुळे निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नका. डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर चर्चा करत बसू नका, सगळ्यांनी बाहेर पडा.

पेटलेल्या शेगडीजवळ बसून डोक्याशी अंगरखा काढावा इतकं गरम होतं आणि त्याच वेळी जमिनीवरच्या बाटलीत बर्फ धरतो. म्हणून वाळवण्याची दोरी शेंड्याजवळ बांधायची, थेट शेगडीच्या माथ्यावर नको. बुटांचं आतलं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड अस्तर, रोज संध्याकाळी काढून टांगा. दिवसभराचा घाम त्यातच मुरलेला असतो. दुसऱ्या सकाळी कोरड्या फेल्टमध्ये पाय घालण्याचं सुख काय वर्णावं! आमच्यातल्या कुणाचेही पाय अख्ख्या मुक्कामात गारठले नाहीत, ते या दोरीमुळेच.

पाण्यासाठी पातेलं शेगडीवरून उतरवूच नका. एक किलो बर्फ नुसता वितळायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. यावरून सरपण कुठं जातं ते कळेल. तळाशी थोडं पाणी ठेवून मगच हिम टाका, कोरड्या पातेल्यात ते करपट वासाचं होतं. बाटल्या उलट्या ठेवा म्हणजे बर्फ बुडाशी धरेल, तोंड मोकळं राहील.

लहान शेगडीत मऊ लाकूड तासभरही पुरत नाही. आम्ही निजताना आग विझू द्यायचो, आणि थोड्याच वेळात आत-बाहेर फारसा फरक उरायचा नाही. म्हणून बॅग बाहेरच्या तापमानाचीच घ्या. त्याहून महत्त्वाची मॅट. मॅट थंडी किती अडवते ते तिच्या आर-मूल्यावरून (R-value) कळतं. या आर-मूल्यांची बेरीज होते, तेव्हा खाली फोमची आणि वर हवेची अशा दोन अंथरा आणि एकूण ७ च्या आसपास न्या. पहाटेसाठी साल, ढलप्या आणि काडेपेटी हाताशी ठेवली की बॅगेतून अर्धं बाहेर येऊन शेगडी पेटवता येते. त्याआधी छताला आतून धरलेलं दव-बर्फ झटकून टाका, नाहीतर ते वितळून अंथरुणावर ठिबकेल.

निघायच्या दिवशी शेगडी पूर्ण गार व्हायला वेळ राखून ठेवा. राख हात लावून गार झाल्याची खात्री झाल्यावरच काढा. कॅनव्हास ओलावा धरून फळीसारखा ताठ झालेला असतो, तो घड्या मोडेल तसा गुंडाळून स्लेजवर टाका, आणि घरी पोचल्यावर त्याच दिवशी पूर्ण उलगडून टांगा. दोन-चार दिवस तसाच राहिला तर बुरशी धरते आणि तिचे डाग मग जात नाहीत.