लोन पेअर बसते कुठे?

अकरावीत बंधकोनांचा धडा आला तेव्हा चार जोड्यांपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना ढकलतात आणि जमेल तेवढ्या लांब राहतात. लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेली जोडी, जास्त जागा अडवते. म्हणून मिथेनमध्ये (लोन पेअर नाही) बंधांमधला कोन १०९.५ अंश, अमोनियात (एक) साधारण १०७, पाण्यात (दोन) १०४.५. गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये ही मांडणी पक्की केली.

गाडं अडलं क्लोरीन ट्रायफ्लुओराइडपाशी. क्लोरीनचे बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन सात. तीन बंधांत गेले, चार उरले, म्हणजे दोन लोन पेअर. एकूण जोड्या पाच. पण त्या दोघींना बसवायचं कुठे? वहीतल्या सपाट चित्रात काही उमगेना.

श्रावण चालू होता. मालवणात आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत मूर्तींचं काम जोरात होतं. तिथून लिंबाएवढी शाडू मागून आणली आणि खराट्याचे पाच हीर काढले (आई ओरडली, ते वेगळं). तीन हीर आडवे, १२० अंशांवर. एक सरळ वर, एक खाली. मग कोनमापक घेऊन बसलो. वरच्या हिराला ९० अंशांवर तीन शेजारी. आडव्यातल्या कुठल्याही हिराला ९० अंशांवर दोनच, बाकीचे दोघे १२० वर. ढकलाढकली होते ती जवळच्यांशी, तेव्हा ऐसपैस बसणाऱ्या लोन पेअरला आडवीच जागा बरी. दोन आडव्या हिरांना लाल दोरा बांधून ते बाजूला धरले, तर उरलेले तीन चक्क इंग्रजी टी अक्षरासारखे दिसले. प्रत्यक्षातला कोन ९० नाही, साधारण ८७.५ भरतो, कारण लोन पेअर वरखालच्या फ्लोरीनना थोडं दाबतात.

तिसऱ्या आडव्या हिरालाही दोरा बांधला की झेनॉन डायफ्लुओराइड: सरळ रेषा, १८० अंश. एकालाच बांधला की सल्फर टेट्राफ्लुओराइडचा सी-सॉ. सहा जोड्यांचं प्रकरण त्यामानाने सोपं. झेनॉन टेट्राफ्लुओराइडमध्ये दोन लोन पेअर समोरासमोर बसतात, उरतो सपाट चौरस.

हायड्रोजन सल्फाइडने मात्र पुन्हा घोळ घातला. जोड्या पाण्याइतक्याच, तरी कोन ९२ च्या आसपास! मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, नियमाने कोन कमी होणार एवढं कळतं, किती ते मोजूनच ठरतं. गंधक मोठा, बंध लांब, हायड्रोजन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत." फॉस्फीनचंही तेच, ९३.५ च्या जवळपास. सीईटीआधी हे दोन आकडे मी सरळ पाठ करून टाकले.