एन्के फटीतील चंद्राचा माग: आतापर्यंतची प्रगती

शनीच्या अ कड्यातील एन्के फट सुमारे ३२५ किलोमीटर रुंद असून तिच्यातून पॅन हा जेमतेम २८ किलोमीटर व्यासाचा चंद्र फिरतो. कॅसिनी यानाची छायाचित्रे नासाच्या संग्रहातून उतरवून घेताना मी मुद्दाम पॅन चौकटीबाहेर असलेलीच निवडली, कारण चंद्र न पाहता केवळ फटीच्या काठांवरून त्याची कक्षा काढता येते का, हे मला तपासायचे होते.

ही वाट जुनीच आहे. व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांतील फटीच्या नागमोडी काठांवरून कझी आणि स्कार्गल या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये या चंद्राचे अस्तित्व सुचवले आणि १९९० मध्ये मार्क शोवॉल्टर यांनी व्हॉयेजर २ च्या १९८१ मधल्या छायाचित्रांतच तो शोधून काढला. नऊ वर्षे तो संग्रहात सर्वांसमोर होता.

चंद्राजवळून जाताना काठावरच्या कणाची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार होते, त्यामुळे प्रत्येक प्रदक्षिणेत तो एकदा आत आणि एकदा बाहेर झुकतो. तेवढ्या काळात चंद्राच्या तुलनेत तो जितका सरकतो तीच लाटेची लांबी, आणि ती चंद्राच्या कक्षेपासून काठापर्यंतच्या अंतराच्या सुमारे ९.४ पट भरते. लांबीचा चंद्राच्या वस्तुमानाशी संबंध नाही, वस्तुमान लाटेच्या उंचीत दिसते. म्हणूनच मी आधी लांबीच्या मागे लागलो.

छायाचित्रातील वक्र कडी पायथॉन या संगणकीय भाषेत सरळ पट्टीसारखी उलगडून प्रत्येक रेखांशावर काठाची जागा मोजली, तेव्हा लाटांची लांबी दीड हजार किलोमीटरच्या आसपास आली. त्यावरून अंतर १६० किलोमीटर निघते, म्हणजे चंद्र फटीच्या जवळपास मधोमध हवा, आणि पॅन तिथेच आहे. चंद्राच्या रेखांशाचा, म्हणजे तो कक्षेत नेमका कुठे आहे याचा, अंदाज अजून ढोबळच आहे. आतल्या काठावरचे कण वेगवान असल्याने तिथल्या लाटा चंद्राच्या पुढे पसरतात, बाहेरच्या काठावरच्या मागे राहतात. दोन्हींचा आरंभ जिथे जुळतो तिथे चंद्र, परंतु कणांच्या टकरींमुळे लाटा दूरवर विरत जातात, तेव्हा पॅनपासून फार लांबची छायाचित्रे या कामासाठी मी बाजूला ठेवली आहेत.

यानंतर अ कड्यातीलच ४२ किलोमीटर रुंदीची कीलर फट घेणार आहे. तिथे फिरणाऱ्या डॅफ्निस या चंद्राच्या लाटा जेमतेम दोनशे किलोमीटर लांबीच्या असतील, शिवाय आतल्या काठावर प्रोमिथियस या दुसऱ्या चंद्राचाही प्रभाव आहे, त्यामुळे सुरुवात बाहेरच्या काठापासून करेन.