भांडी घासू न देणारं घर

मंगळवार, रात्रीचे दहा

बाहेर अजून धड अंधार नाही. फ्रान्सच्या मधोमध असलेल्या या बेरी भागात जूनचा उजेड 'निघतो, निघतो' म्हणत पाहुण्यासारखा उंबऱ्यात घुटमळत राहतो.

चित्रकलेच्या शिबिराचा आज चौथा दिवस. वहीत तीन चित्रं. तिन्ही एकाच खिडकीची, तिन्ही मेलेली. अठ्ठावीस वर्षं पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, 'वस्तूकडे बघा रे, कागदाकडे काय बघता' म्हणून ओरडले, आणि आता साठीला लेकीनं एवढ्या हौसेनं पाठवलं तर माझाच हात चालेना.

कारण मला ठाऊक आहे, पण इथे कुणाला सांगितलं तर हसतील. मला इथे काम नाही. दगडी, कौलारू जुना वाडा. सकाळी उठावं तर टेबलावर पाव, लोणी, जर्दाळूचा मुरंबा मांडलेला. खाऊन बशी उचलायला जावं तर स्वयंपाकीणबाई धावत येते, "मादाम, राहू द्या, राहू द्या!" मग उरलेला अख्खा दिवस फक्त चित्र काढायचं. मला तर कागद बघूनच धडकी भरते.

दुपारी सगळ्यांना नोआँ गावाला नेलं. जॉर्ज साँडचं घर. (नाव पुरुषी, पण ही एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच लेखिका.) तिच्या आजीनं 1793 मध्ये विकत घेतलेलं, 1952 मध्ये सरकारला दिलेलं. 1839 ते 1846 या काळात संगीतकार शोपँनं इथे सात उन्हाळे काढले. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून लावलेल्या गादीच्या दुहेरी दरवाजापाशी सगळे हळू बोलायला लागले, जणू आत तो अजून बसलाय. एकेका पानावर तो सहा-सहा आठवडे घालवायचा, रडायचा, लेखण्या मोडायचा, आणि शेवटी पहिल्यांदा लिहिलेलंच ठेवायचा, असं साँडनंच लिहून ठेवलंय. ऐकून माझ्या तीन खिडक्यांना जरा धीर आला.

मी रमले मात्र स्वयंपाकघरात. ओळीनं तांब्याची भांडी, भिंतीवर नोकरांना बोलवायच्या घंटा. पलीकडे जेवणाचं टेबल, आत्ता पाहुणे येऊन बसतील असं मांडलेलं. ही साँडबाई मुरंबे स्वतः करायची, मुलाच्या बाहुल्यांच्या खेळासाठी इवले इवले कपडे शिवायची, आल्यागेल्याचं बघायची आणि सगळे झोपल्यावर लिहायला बसायची. 1842 च्या उन्हाळ्यात चित्रकार दलाक्रवा आला, त्याच्याकडे कॅनव्हास नव्हता. तर तिच्या कॉर्सेटसाठी (कंबर आवळणाऱ्या चोळीसाठी) आणलेल्या कापडावर त्यानं चित्र रंगवलं! मंडळी वाह वाह करत होती. मला आपलं वाटत राहिलं, तिला मग दुसरं कापड कधी मिळालं? मार्गदर्शक बाईंना विचारायचं राहूनच गेलं.

गुरुवार

आज धीर करून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर बेरीची हिरवी मसूर निवडायला पसरलेली. न विचारता समोर बसले आणि खडे बघायला लागले. (एकही नव्हता. पण हाताला सवय.) बाईनं आधी भुवया चढवल्या, मग एक वाटी माझ्याकडे सरकवली. तिला इंग्रजी येत नाही, मला फ्रेंच येत नाही. आमचं छान चाललं. मी बॅगेतून गोडा मसाल्याची डबी आणली. तिनं हुंगली, डोळे मिटले, पुन्हा हुंगली, आणि पातेलं माझ्या हवाली केलं.

चिंच कुठून असणार? लिंबावर भागवलं. गूळही नव्हता, साखर घातली, चिमूटभर. आमटी उकळायला ठेवली आणि ती बटाटे सोलत होती तिकडे नजर गेली. इथे पारीत बटाटे आणि साय भरून एक खारा 'पाय' (pie) भाजतात, त्याची तयारी. जाड बोटं, अंगठ्यापाशी एक जुना व्रण, साल लांबच लांब लोंबतंय. वही काढली. मग दुसरं पान. तिसरं.

वास आला तो तिला आधी. आमटी तळाला लागली होती!

मी ओशाळून उभी. तिनं पातेलं उतरवलं, वरची आमटी अलगद दुसऱ्या भांड्यात काढली, वहीतले आपले हात बघितले, काहीतरी म्हणाली, हसली. मग जळकं पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि घासणी माझ्या हातात दिली.