तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या नोंदींना फोल्डर का नाहीत?

"सगळ्या फायली एकाच जागी? मग हवी ती सापडते कशी?" माझ्या नोंदी पाहिल्यावर बहुतेकजण हेच विचारतात.

पूर्वी माझेही विषयवार फोल्डर होते. सहारातली धूळ वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडते आणि ॲमेझॉनच्या जंगलाला फॉस्फरस पुरवते, असं वाचनात आलं आणि मी अडले. ही नोंद हवामानात ठेवू, वनस्पतींत की भूगोलात? भूगोलात टाकली. पुढे जंगलांवर लिहायला बसले तेव्हा तिची आठवणही झाली नाही. फोल्डरमध्ये नोंदीला एकच घर मिळतं, आणि चांगल्या नोंदीला ते पुरत नाही.

आता फायलीचं नावच एक वाक्य असतं: 'सहाराची धूळ ॲमेझॉनला खत पुरवते'. आत चार-पाच ओळी, हे कुठून कळलं ते, आणि शेवटी दुहेरी चौकोनी कंसात दुसऱ्या नोंदीचं नाव, म्हणजे तिच्याकडे नेणारी लिंक: [[तळं आटल्यावर मागे काय उरतं]]. त्याच्यापुढे कारण: 'यातली पुष्कळशी धूळ चाडमधल्या बोडेले या सखल भागातून उडते, आणि तो एका प्राचीन तळ्याचा तळ आहे.' हे कारण लिहायचा मी कधीच कंटाळा करत नाही. नुसती लिंक सहा महिन्यांनी मुकी होते. ती का जोडली होती, हे आपल्यालाच उमगत नाही.

ही रीत संगणकाच्या आधीची आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान (१९२७–१९९८) यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्या कागदावर अशाच जोडल्या होत्या. नवा विचार सुचला की जुन्या चिठ्ठीच्या क्रमांकाला एक अक्षर जोडायचं आणि नवी चिठ्ठी तिच्यामागे लावायची. दूरच्या चिठ्ठीचा नुसता क्रमांक लिहिला की झाली लिंक.

आणि साधी टेक्स्ट फाइलच का? जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं माझं बरंच मराठी आज उघडलं की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फॉन्ट गेला, त्याबरोबर लिहिलेलंही गेलं. ते अजून सलतं. युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीतली, साधी फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक मात्र सांभाळावं. 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. एकदा मी सर्चमध्ये 'ॲमेझॉन' टाकलं आणि धुळीची नोंद आलीच नाही, कारण तिच्यात दुसरा 'ॲ' होता. लिंकचं नाव मात्र मी टाइप करत नाही, यादीतून निवडते, त्यामुळे लिंका शाबूत होत्या. तळ्यांची नोंद उघडली, तिला कुठून कुठून जोडलंय ते पाहिलं, आणि धूळ तिथे सापडली.